आरतीआधी कोणी उठत नाही

सकाळची अमरावती-अकोला एस.टी. मूर्तिजापूरच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते. गीतांजलीनं खिडकीतूनच चहा घेतला, ओठ पोळून घेतले आणि मोबाईलमधला तो फोटो पुन्हा एकदा दोन बोटांनी मोठा केला.

फोटो एका कार्डाचा होता. जुन्या वाचनालयांत लाकडी खणांत दाटीवाटीनं उभी असतात, त्यातलंच एक पिवळं पडलेलं कार्ड. निळ्या शाईतलं गोल, ठसठशीत अक्षर. पण त्यावर लेखकाचं नाव नव्हतं, प्रकाशक नव्हता, साल नव्हतं. होतं ते एवढंच :

बाई – आसुन्सियोन.
गाव – संत्र्याच्या बागांचं.
कुठं सापडली – विहिरीवरच्या मोटरघरात, अनवाणी. चपला बाहेर जोडीनं ठेवलेल्या.
कोणी मारली –

पुढे कोरं.

स्पॅनिश भाषेतल्या खुनाच्या कादंबऱ्यांमधल्या स्त्रिया, हा गीतांजलीच्या पीएच.डी.चा विषय. कॉलेजातले लोक म्हणत, "मॅडम, आपल्याकडे काय खून कमी पडून राहिले, म्हणून तुम्ही स्पेनमधून मागवता?" तीही हसायची. पण साधनं मिळवता मिळवता चार वर्षांत तिचं हसू उतरत गेलं होतं. अमरावतीच्या ग्रंथालयात 'स्पेन' शोधलं की फुटबॉल निघायचा, 'गुन्हा' शोधलं की दंडसंहिता, आणि 'स्त्रिया' शोधलं की लोणच्या-मुरंब्याची पुस्तकं. मग ती परदेशी ग्रंथालयांच्या याद्या रात्रंदिवस चाळू लागली, अनोळखी ग्रंथपालांना अदबीनं पत्रं लिहू लागली. त्यातले काही फार भले निघाले, पानं स्कॅन करून पाठवायचे. अशीच एक कादंबरी हाती आली होती. 'ओलिताचा दिवस', म्हणजे बागेला पाणी द्यायचा दिवस, असं तिचं नाव मराठीत सांगता येईल. कुणा बाईनं पुरुषाच्या नावानं सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेली, एकदाच छापलेली. पण त्या प्रतीचा शेवटचा फर्माच, म्हणजे शेवटची सोळा पानं, गळाली होती. खुनी कोण ते त्या सोळा पानांत होतं.

"शेवट न वाचता त्यावर प्रकरण लिहिणार आहात?" गाईड मॅडम म्हणाल्या होत्या. आणि नोंदणीची मुदत संपायला आठ दिवस उरले होते.

अशात तिची जुनी विद्यार्थिनी आचल, आता अकोल्यात नोकरीला असलेली, हिनं हा फोटो पाठवला. जठारपेठेतल्या एका छोट्या महिला वाचनालयातला.

मुदत, प्रकरण, पदवी हे झालं जगाला सांगायचं कारण. दुसरं एक कारण होतं आणि ते गीतांजलीनं कुठल्याच अर्जात लिहिलं नव्हतं. तिची काकू जमुना अशीच गेली होती. मोर्शीकडे त्यांच्या संत्र्याच्या बागा होत्या. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, वारल्यावर काकू आपल्या हिश्शाची बाग एकटीनं पाहायची. सप्ताहाचे दिवस होते, अख्खा गाव कीर्तनाला बसलेला, आणि काकूनं ओलितासाठी मोटरीच्या पेटीला हात लावला, तिथंच करंट लागला. पायाखाली चिखल. चपला लिंबाखालच्या देवाजवळ जोडीनं काढलेल्या. 'चपला असत्या पायांत तर वाचली असती,' असं जो तो म्हणाला आणि विषय तिथंच मिटला. गीतांजली तेव्हा सहा वर्षांची होती. पुढे ते स्पॅनिश पुस्तक वाचताना दुसऱ्याच पानावर त्या जोडीनं ठेवलेल्या चपला आल्या, आणि तिला पुस्तक खाली ठेवावं लागलं होतं.

बाबांना तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. वामनराव सत्तरीचे, देवभोळे, मऊ स्वभावाचे. आई गेल्यापासून बापलेक दोघंच रुक्मिणीनगरच्या घरात राहत. अंगणातल्या तुळशीमुळे ते कुणाला चपला घालून अंगण ओलांडू देत नसत. गॅसवाल्यालाही सिलिंडर खांद्यावर असताना फाटकाशीच चपला काढाव्या लागत. पुढे काकूच्या हिश्शासकट बाग विकली तरी बागेतले रबरी बूट मात्र त्यांनी मागच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवले होते. त्यांना वीस वर्षांत कोणाचा हात लागला नव्हता. आज सकाळी त्यांनीच तिला स्कूटरवर स्टँडला सोडलं, पिशवीत डझनभर संत्री दिली. "वाचनालयातल्या बायांले दे. रिकाम्या हातानं जाऊ नये."

गावातला सप्ताह म्हटला की त्यांच्याबरोबर टाळ घेऊन बसणं हीच गीतांजलीची सगळ्यात गोड आठवण. एका दुपारी तर भर कीर्तनात त्यांनी आपले पितळी टाळ तिच्या हातात दिले होते. एवढीशी पोर, पण शेवटपर्यंत वाजवत राहिली होती. कीर्तनातली शिस्तही त्यांनीच शिकवली. आरतीआधी उठायचं नाही. घर जळालं तरी नाही. गावात म्हण झाली होती, देव उठेल पण वामनराव उठायचा नाही.

वाचनालय एका पिठाच्या चक्कीवर होतं. जिन्याच्या पायऱ्यांवर पीठ बसलेलं, कठडा चक्कीच्या घरघरीनं हलका थरथरणारा. वरच्या पायरीवर चपला काढायच्या. तिथं दोनच जोड होते.

"या मॅडम. आचलनं फोन केल्ता." दार उघडणाऱ्या बाई साठी ओलांडलेल्या, अंगानं भरलेल्या, कमरेला पदर खोचलेला. यांचं नाव बेबीताई. सकाळी भाजीबाजारात बसायचं, अकरापासून इथं पुस्तकं द्यायची, असा त्यांचा दिवस. "संत्री काहून आनली व एवढी? बसा न. बाई, ह्या पाहा आल्या अमरावतीच्या."

बाई म्हणजे सत्यवतीबाई. वय ब्याऐंशी. नऊवारी पातळ, कपाळाला बुक्का, चष्म्याला दोरा. वाचनालय त्यांनीच काढलं होतं, आणि पन्नास वर्षं त्या कीर्तन करत होत्या. खिडकीजवळच्या टेबलावर बसून झांजेच्या गोंड्याला नवा दोरा ओवत होत्या.

"तुले ते परदेशी पुस्तकं पाह्याचे हाय," त्या म्हणाल्या. "त्रेसष्ट हायेत."

त्याची हकीकत साधी होती. शेतीशास्त्राचे एक प्राध्यापक, त्यांच्याच गल्लीतले, तरुणपणी संत्र्याच्या अभ्यासासाठी स्पेनला राहून आले. घरमालकिणीनं निरोपाला दोन पेट्या पुस्तकं दिली, सगळी खुनाची. प्राध्यापक दर आठवड्याला एक घेऊन इथं येत आणि सत्यवतीबाईंना गोष्ट मराठीत सांगत.

"पन त्याले धीर नव्हता. अर्धीअधिक गोष्ट झाली की म्हने, आता पुढचं रायलं बाई, डोळे दुखून राहिले. अन् उठून जाये. एकही पुस्तक पुरं केलं नाई त्यानं. वारला बिचारा."

गीतांजलीनं कपाट उघडलं. पुस्तकं स्वच्छ होती, फडक्यानं नेहमी पुसलेली. तिनं पहिलंच काढलं आणि तिच्या लक्षात आलं, की ही जुन्या तऱ्हेची बांधणी आहे. छापलेला मोठा कागद घडी घालून तसाच शिवायचा. घड्यांच्या कडा वाचणाऱ्यानं स्वतः पट्टीनं फाडायच्या, तेव्हा पानं सुटी होतात. प्राध्यापकांनी दोन-तृतीयांश फाडलेली होती. पुढच्या घड्या बंद. तिनं एकामागून एक पंधरा पुस्तकं पाहिली. सगळ्यांचे शेवट जसे छापखान्यातून आले तसे मिटलेले.

मग तिनं कार्डांचा खण ओढला.

कार्डं मेलेल्या बायकांच्या नावांनी लावलेली होती. "लेखकाचं नाव नाही घातलं तुम्ही?" तिनं विचारलं.

"लेखक कुठं मेला होता व? मेली ते बाई," सत्यवतीबाई म्हणाल्या.

प्रत्येक कार्डावर त्याच चार ओळी, आणि 'कोणी मारली' यापुढे उत्तर. पाठीमागे तारीख आणि 'सांगणारी' असं लिहून एक नाव. सुमन. कौसल्या. इंदू. अकोल्यातल्याच बायका.

"हे शेवट कोणी सांगितले तुम्हाला? पुस्तकं तर फाडलेलीच नाहीत."

सत्यवतीबाईंनी दोरा दातांनी तोडला. "गुरुवारी दुपारी इथं बायकांचं कीर्तन असते. पूर्वरंग अभंगावर. अन् उत्तररंगाले आख्यान म्हनून मी याच्यातली एक गोष्ट लावते. देवाले साऱ्या लेकी सारख्या. जिचं कोनी ऐकलं नाई तिचं त्याच्यापुढं सांगावं. मले येते तिथपर्यंत मी सांगते अन् थांबते. मंग बसलेल्यातली एखादी उठते अन् पुढचं सांगते."

"त्यांना स्पॅनिश येतं?"

बेबीताई संत्रं सोलता सोलता हसल्या. "आमाले सही येते मॅडम."

गीतांजलीला खरं तर बरं वाटलं. हे तिच्या अभ्यासातच बसत होतं. असल्या कादंबऱ्यांचे शेवट मोजकेच असतात, नवरा, सासरा, मालक, डॉक्टर. चार घरच्या बायका गोष्ट ऐकून अंदाज बांधणारच, आणि निम्मे बरोबर येणारच. यावर एक छान टीप लिहिता येईल. "सांगून झालेली पुस्तकं मी फाडून पाहू?"

"पाह्य न. सांगून झाले ते कोनीही फाडावे. वाचनारं कोनी आलंच नाई आतापावेतो."

तिनं टेबलावरची लाकडी पट्टी घेतली. पहिलं पुस्तक बंदरातल्या धोबिणीचं. कार्डावर होतं : 'औषधवाल्यानं. साबणाच्या वडीत हिरवं बटण सापडलं.' पट्टी घडीत घालून तिनं कड उघडली. जुना कागद करकरत सुटला. शेवटून तिसऱ्या पानावर पोलीस साबणाची वडी कापतो आणि आतून बटण निघतं. रंग हिरवा.

दुसरं. कार्डावर : 'धाकट्या जावेनं. पाळण्याच्या दोरीनं. दोरीला नऊ गाठी.' पुस्तकात गाठी मोजलेल्या होत्या. नऊ.

तिसऱ्या कार्डावर 'सासऱ्यानं. गव्हाच्या कोठीत कोंडून. आतून नखांनी लिंपण उकरलेलं.' तिनं पान फाडलं, वाचलं आणि पट्टी खाली ठेवली. कार्डाच्या पाठीमागे नाव होतं बेबीचं.

"बेबीताई, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचलं नाई. माहीत होतं."

"स्पेनमधलं?"

बेबीताईंनी संत्र्याच्या फोडी ताटलीत गोल मांडल्या, मध्ये एक ठेवली. "माही मोठी बहीण बार्शीटाकळीले देल्ली होती," त्या म्हणाल्या. आणि दुसरं संत्रं सोलायला घेतलं.

खालची चक्की थांबली. कठड्याची थरथर गेली, तेव्हा खोली किती शांत असते ते कळलं.

'ओलिताचा दिवस' सगळ्यात खालच्या फळीवर होतं. गीतांजलीनं ते दोन्ही हातांनी उचललं. शेवटचा फर्मा होता. सोळाही पानं. सगळी मिटलेली. तिनं पट्टी घेतली, तोच सत्यवतीबाईंचा सुरकुतलेला तळवा पुस्तकावर आला.

"हे नाई."

"बाई, याच्यासाठीच मी आले. आठ दिवसांत नाही दिलं तर माझी चार वर्षं पाण्यात जातील."

"हिचं सांगनं झालं नाई. तीनदा लावलं मी आख्यान. कोनीच उठलं नाई. सांगतल्याबिगर आमी घडी फाडत नाई." त्यांचा आवाज कठोर नव्हता. आजारी लेकराजवळ बोलतात तसा होता. "आज गुरुवार हाय. दोन वाजता बस. आज पुन्हा तेच लावते."

त्या आत देवाची तयारी करायला गेल्या. बेबीताई सतरंज्या अंथरू लागल्या. गीतांजली पुस्तक मांडीवर घेऊन खिडकीत बसली. पट्टी हाताशी होती. कोणी पाहत नव्हतं. तिनं फाडलं नाही, पण घडी अंगठ्यानं जरा फुगवली आणि नळीत पाहावं तसं आत डोकावली. अंधारात दोनच शब्द वाचता आले. 'मेणबत्ती'. आणि त्याच्या खाली, 'धर'.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"जेवली काय? डबा खाल्ला?"

"खाते."

"भेटला काय तुहा शेवट?"

"आहे इथं. अजून वाचला नाही."

"वाच न मंग. एवढ्यासाठी गेली. मी येतो संध्याकाळी स्टँडवर." मग म्हणाले, "गोष्ट कायची हाय व ते? तू सांगतलंच नाई कधी."

"संत्र्याच्या बागेतली," ती म्हणाली.

"आपल्यावानी," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

दोन वाजता बायका आल्या. तीसेक असतील. हातात पूजेचं ताट घेतलेल्या, नातवंडाला कडेवर घेतलेल्या, भाजीचं दुकान शेजारणीवर सोपवून आलेल्या. जिन्यात चपलांचा ढीग झाला नाही. एकेकीनं जोड नीट लावला. कोणी गीतांजलीला तू कोण म्हणून विचारलं नाही, फक्त पुढे सरकून तिला जागा दिली. पेटीवाल्या बाईंनी सूर धरला आणि सत्यवतीबाई उभ्या राहिल्या.

ब्याऐंशी वर्षांचं ते शरीर सुरात ताठ होत गेलं. पूर्वरंग त्यांनी असा रंगवला, की गीतांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. देव उशीर करतो पण विसरत नाही, एवढाच त्याचा भाव. पण त्या म्हाताऱ्या गळ्यातून तो निघाला तेव्हा बायका अंतर्बाह्य हलल्या. गावचा मंडप आठवला, बाबांची मांडी, टाळांचा गार पितळी वास. मध्यंतर झालं, बुक्का लावला गेला. मग उत्तररंग.

"एक गाव होतं माय, संत्र्याच्या बागांचं..."

त्यांनी आसुन्सियोनला आपल्या मातीत आणून उभी केली. तीच ती दिवसाकाठी मिळणारी पाण्याची वेळ, तोच पाट, तीच नवऱ्यामागे एकटीनं बाग राखणारी. प्राध्यापकांनी जिथवर वाचलं होतं तिथपर्यंत गोष्ट आली. बाई सापडली. चपला जोडीनं. फौजदार मोठ्या दिराकडे जातो, तर सारा गाव साक्ष देतो, की तो देवळात होता, सगळ्यांमध्ये, पूजा संपेपर्यंत. मग कोणी केलं?

सत्यवतीबाई थांबल्या.

पेटीचा सूर तसाच लावलेला होता. झांजेची लय हळू, न चुकता. बायका खाली पाहत होत्या.

गीतांजलीला संत्र्याच्या फुलांचा वास आला. जानेवारीत आंबिया बहार फुटतो, पण तो बागेत. जठारपेठेत चक्कीवर नव्हे. वास दाट होत गेला, घशाशी आला.

मग पाय गार झाले. सतरंजी कोरडी होती, तिनं हात लावून पाहिलं. तळपायांखाली मात्र चिखल होता. काळा, बोटांच्या बेचक्यांतून वर येणारा.

"तो आरतीआधी उठला."

कोणीतरी बोललं. आवाज खालच्या पट्टीतला, जरा घोगरा, मोर्शीकडच्या बायांचा. कोण बोललं ते पाहायला गीतांजलीनं मान वळवली. सगळ्या बायका तिच्याकडेच पाहत होत्या.

ती उभी होती.

"सारं गाव म्हनते तो कीर्तनातून उठतच नाई. त्या दिवशी उठला. टाळ पोरीच्या हातात देल्ले. म्हने, धर. वाजवत राय, थांबू नको. टाळ वाजून राहिले होते म्हनून मांगं वळून कोनी पाह्यलं नाई."

झांज चालूच.

"बांधाबांधानं आला. मी पाट मोकळा करून राहिली होती. माही पाठ होती तवा त्यानं पेटीतली तार सोडून ठेवली. मले म्हने, जमुना, पयलं पानी हाय, देवाले हात जोडले काय? मी म्हनलं, नाई. म्हने, चपला काढ, हात जोड, मंग मोटर लाव. मी काढल्या. जोडीनं ठेवल्या."

एका बाईनं पदर तोंडाला लावला.

"पेटीले हात लावला तवा कानात टाळ येऊन राहिले होते. पोरगी सुंदर वाजवत होती. एकदाही ताल चुकला नाई."

पेटीवाल्या बाईंच्या बोटांखालचा सूर थरथरला, पण त्यांनी सोडला नाही.

"तो वापस गेला तवा आरती लागली होती. हात धुतले होते त्यानं. तेच ओले हात आरतीवरून फिरवले. अन् पोरीच्या तोंडावरून फिरवले."

गीतांजली खाली बसली. गालाला हात लावला. गाल ओला होता, आणि बर्फासारखा गार.

आरती झाली. ती संपेपर्यंत कोणी हललं नाही. मग एकेक बाई आली, सत्यवतीबाईंच्या पाया पडली आणि जाताना गीतांजलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. कोणी काही विचारलं नाही. बेबीताईंनी संत्र्याची एक फोड तिच्या हातात ठेवली. तिला ती खाता आली नाही.

सत्यवतीबाईंनी कार्ड काढलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं, 'मोठ्या दिरानं.' पाठीमागे तारीख घातली. 'सांगणारी' पुढे नाव लिहून शाई फुंकून वाळवली.

"आता फाड," त्या म्हणाल्या.

कड वाकडी फाटली. गीतांजलीनं वाचलं. तिथं होतंच ते. विधी पूर्ण होण्याआधी तो माणूस बाकावरून उठतो, हातातली मेणबत्ती लहान मुलीकडे देतो. 'धर. विझू देऊ नकोस.' ज्योत सरळ दिसते, म्हणून मागे कोणी पाहत नाही. परत येऊन तो ओल्या हातांनी मुलीचा चेहरा कुरवाळतो. मुलीला ती त्याची सर्वांत मोठी माया वाटते.

आता शेवटची एक घडी उरली होती. तिनं पट्टी घातली, तोच तो तळवा पुन्हा आला.

"इथपावेतोच सांगतलं तू."

"आता काय राहिलं, बाई? मारणारा तर सापडला."

"मारनारा सापडला. पोरीचं पुढं काय झालं ते कुठं सांगतलं?" त्यांनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. "पुस्तक ने. घडी फाडू नको. पुढच्या गुरुवारी येजो, सांगाले." मग आवाज एकदम उतरला. "येजो व माय."

सव्वाचारची एस.टी. मिळाली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा बाबांचा फोन आला.

"भेटला शेवट?"

"भेटला."

"कोनं मारली मंग?"

खिडकीबाहेर चहावाला ओरडत होता. काही बोलू नये, हे तिला कळत होतं. घरी जावं, दिवा लावावा, आणि हळूहळू विचार करावा. पण पस्तीस वर्षांची माया एका दुपारीत सुटत नाही. तिला अजून वाटत होतं, की ते हसतील आणि काहीतरी असं साधं सांगतील, की हे सगळं मोडून पडेल.

"बाबा, सप्ताहात तुम्ही टाळ माझ्या हातात दिले होते. आठवते?"



"आठवते न," वामनराव म्हणाले. "किती सुंदर वाजवले होते व तू. कोनाले समजलंच नाई." मग म्हणाले, "स्टँडवर येनं जमत नाई आज. आटोनं ये. मी घरीच हाय."

आटो गल्लीच्या तोंडाशी सुटला. दिवेलागणीची वेळ, घराघरांतून उदबत्तीचा वास. त्यांच्या तुळशीपुढे मात्र दिवा नव्हता. फाटक सताड उघडं होतं. अंगण नुकतंच धुतलेलं, इतकं की फरशीवर पाणी साचून राहिलं होतं आणि आभाळातला उरलासुरला उजेड त्यात हलत होता. तुळशीमागच्या भिंतीवर मोटरीची पेटी. तिचं झाकण उघडं लोंबत होतं आणि मोटर चालू होती. भरलेल्या टाकीतून पाणी धारेनं खाली पडत होतं.

"आली काय बेटा?" ओसरीच्या अंधारातून बाबांचा आवाज आला. रोजचाच, मऊ. "चपला तिथंच काढ, आंगन धुतलं हाय. अन् येता येता तेवढी मोटर बंद कर."

खांद्यावरच्या पिशवीत पुस्तक होतं. शेवटची घडी मिटलेली.

तिनं सवयीनं एक पाय चपलेतून काढला. फरशी गार होती. मग तिनं वर पाहिलं.

वामनराव पायरी उतरून तुळशीपाशी येऊन उभे राहिले होते. पायांत गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट होते, बागेतले.